वायफाय फुल, तरी साइट उघडत नाही? आधी प्रॉक्सी बघा

अंधेरीच्या ऑफिसात झकास चालणारा लॅपटॉप डोंबिवलीला घरी आणला की वायफाय फुल दिसतं पण एकही पान उघडत नाही, आणि आपण बिचाऱ्या केबलवाल्याला फोन लावून पिडतो. बऱ्याचदा त्याचा काही संबंध नसतो, लॅपटॉपमध्ये ऑफिसचा प्रॉक्सी चालू राहिलेला असतो.

प्रॉक्सी म्हणजे आरटीओतला एजंट समजा. तुम्ही खिडकीवर जातच नाही, कागद त्याच्याकडे देता, तो काम करून आणतो. तसंच ब्राउझर थेट साइटकडे न जाता प्रॉक्सीला सांगतो, तो पान आणून देतो, आणि साइटला तुमचा नाही तर त्याचा आयपी अ‍ॅड्रेस दिसतो. ऑफिसचा प्रॉक्सी बहुतेक वेळा ऑफिसच्या नेटवर्कमधूनच सापडतो, मग घरी पान आणणार कोण?

विंडोज 11 मध्ये सेटिंग्ज, मग नेटवर्क अँड इंटरनेट, मग प्रॉक्सी. तिथे मॅन्युअलवालं बटण ऑफ करा, क्रोम लगेच सुधारतं. फायरफॉक्समध्ये कोणी वेगळा पत्ता भरून ठेवला असेल तर तो त्याच्याच सेटिंग्जमध्ये जाऊन काढावा लागतो.

लावायचा असेल तर त्याच जागी आयटीवाल्यांनी दिलेला पत्ता आणि पोर्ट, म्हणजे त्या पत्त्यावरचा दरवाजा नंबर, टाका. पोर्ट बहुधा 8080 किंवा 3128 असतो, सॉक्स नावाचा दुसऱ्या प्रकारचा प्रॉक्सी असेल तर 1080. 407 एरर आला तर घाबरू नका, प्रॉक्सी फक्त युजरनेम-पासवर्ड मागतोय.

आता महत्त्वाचं, त्याला दिसतं काय? एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद (एन्क्रिप्टेड) साइट असेल तर ब्राउझर 'कनेक्ट' म्हणून साइटचं नाव सांगतो, प्रॉक्सी मधे बोगदा उघडून देतो, म्हणजे कुठल्या साइटवर गेलात ते कळतं, आत काय टाइप केलं ते नाही. पण कंपनीने लॅपटॉपमध्ये स्वतःचं सर्टिफिकेट (साइट खरी असल्याची हमी देणारं डिजिटल ओळखपत्र) टाकलं असेल तर तेही वाचता येतं! अ‍ॅड्रेस बारमधल्या कुलपावर, म्हणजे नव्या क्रोममध्ये त्या जागच्या चिन्हावर, क्लिक करून सर्टिफिकेट बघा, 'इश्यूड बाय'मध्ये कंपनीचंच नाव दिसलं तर बँकेचं काम मोबाइल डेटावर करा. आणि फुकटातले प्रॉक्सी? मी तरी हात लावत नाही, कोण चालवतंय कुणास ठाऊक.

उलटा प्रकारही असतो, रिव्हर्स प्रॉक्सी, तो साइटवाल्यांच्या दारात बसून गर्दी मागच्या सर्व्हरांमध्ये वाटतो. रिझल्टच्या दिवशी 502 एरर दिसला तर आपली सेटिंग चाळत बसू नका, गडबड बहुतेक तिकडेच असते.