हृदयविकारानंतरचा व्यायाम: आधी वेळ, मग वेग

हार्ट अटॅक, अँजिओप्लास्टी किंवा बायपासनंतर घरी जाताना हातात जो कागद मिळतो, त्यात औषधांची यादी व्यवस्थित असते आणि खाली एक ओळ असते: 'नियमित चालावे'. किती चालायचं, किती जोरात, कशानं थांबायचं, हे त्यात बहुतेक वेळा नसतं. मी हृदयरुग्णांबरोबर काम करणारी फिजिओथेरपिस्ट आहे. माझा सगळा दिवस त्या एका ओळीची फोड करून सांगण्यात जातो, म्हणून इथे एकदा नीट लिहून ठेवते.

माझ्याकडे येणाऱ्यांत दोन टोकं दिसतात. एक, घरच्यांनी पाण्याचा ग्लाससुद्धा उचलू न दिलेले. दुसरे, 'मी पूर्वी रोज पळायचो' म्हणत आठवडाभरात बूट घालून तयार असलेले. मला काळजी दुसऱ्यांची जास्त वाटते, पण संख्येनं पहिलेच जास्त.

पडून राहण्याचा सल्ला एके काळी डॉक्टरच देत असत. अटॅकनंतर कित्येक आठवडे अंथरुणातून हलायचं नाही, अशी रीत होती. 1952 मध्ये सॅम्युएल लेव्हिन आणि बर्नार्ड लाउन यांनी रुग्णांना लवकर खुर्चीत बसवायला सुरुवात केल्याचं प्रसिद्ध केलं, तेव्हा तेही धाडस वाटलं होतं. पुढे 1966 मध्ये अमेरिकेत डॅलसला पाच धडधाकट तरुणांना तीन आठवडे नुसतं झोपवून ठेवलं. तीस वर्षांनी त्याच पाच जणांची पुन्हा तपासणी झाली, तेव्हा दिसलं की तीस वर्षांच्या वयानं त्यांची श्रम करण्याची ताकद जेवढी घटवली नव्हती, तेवढी त्या तीन आठवड्यांनी घटवली होती. ही विशीतल्या निरोगी मुलांची गत. हृदयविकारानंतरच्या व्यायामावरच्या 85 संशोधन-चाचण्या एकत्र करून 2021 मध्ये कॉक्रेननं, म्हणजे वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेनं, जो आढावा घेतला, त्यात 23,000 हून जास्त रुग्ण होते. व्यायाम करणाऱ्यांत हृदयविकारानं होणारे मृत्यू, पुन्हा येणारा अटॅक आणि पुन्हा दाखल व्हावं लागणं, हे तिन्ही कमी आढळलं.

सुरू करण्याआधी

डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून लिहून घ्या. हृदयाची पंपिंगची ताकद, म्हणजे इजेक्शन फ्रॅक्शन, किती आहे. एखाद्या रक्तवाहिनीत अडथळा मुद्दाम तसाच ठेवला आहे का. आणि व्यायामासाठी ठोक्यांची काही मर्यादा घालून दिली आहे का.

त्यानंतर शक्यतो एक चाचणी होते. ट्रेडमिलवरची स्ट्रेस टेस्ट किंवा सहा मिनिटांची चालण्याची चाचणी. दुसरी अगदी साधी: 30 मीटरचा सरळ कॉरिडॉर, दोन टोकांना दोन शंकू, आणि सहा मिनिटांत जमेल तेवढं चालायचं. धावायचं नाही. दम लागला तर भिंतीला टेकून उभं राहता येतं, घड्याळ मात्र थांबत नाही. आलेला आकडा शेजारच्या माणसाशी ताडून बघू नका. काही आठवड्यांनी तुमच्याच पुढच्या आकड्याशी ताडायला तो असतो.

बसल्या जागी छातीत दुखत असेल, दुखणं हल्ली वाढलं असेल, ताप असेल, विश्रांतीतला रक्तदाब 180/110 च्या वर असेल, पायांवर सूज चढत असेल किंवा दोन-तीन दिवसांत वजन दोन किलोनं वाढलं असेल, तर त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टरांना फोन. हृदयाची झडप फार अरुंद झालेली असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट परवानगी दिल्याशिवाय काहीच सुरू करू नका.

जोर मोजायचा कसा

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. मनगटावर घड्याळ बांधून माणूस येतो आणि विचारतो, "मॅडम, हे 95 च दाखवतंय, अजून जोरात चालू का?" त्यानं कुठेतरी वाचलेलं असतं की 220 मधून वय वजा करायचं आणि येणाऱ्या आकड्याच्या अमुक टक्क्यांपर्यंत ठोके न्यायचे. पण मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्वेडिलॉल यांपैकी एखादी, म्हणजे बीटा ब्लॉकर गटातली, गोळी चालू असेल, तर ती ठोक्यांना वर चढूच देत नाही. तिचं कामच ते. आता त्या आकड्याच्या मागे लागून वेग वाढवला, तर ठोके खालीच राहतात आणि हृदयावरचा ताण मात्र वाढत जातो. तुमच्यासाठी ठोक्यांची मर्यादा ठरवायचीच असेल, तर ती याच गोळ्या घेऊन केलेल्या स्ट्रेस टेस्टवरून ठरवतात, सूत्रावरून नाही.

म्हणून मी बोलायला लावते. चालता चालता मला तुमचा पूर्ण पत्ता सांगा, किंवा काल टीव्हीवर काय बघितलं ते सांगा. 'हो', 'नाही', 'बरं' चालणार नाही, सलग दोन-तीन लांब वाक्यं हवीत. माझं लक्ष माणूस काय सांगतोय याच्याकडे कमी आणि वाक्य कुठे तुटतंय याच्याकडे जास्त असतं. श्वास थोडा वाढलाय, पण वाक्य शेवटच्या क्रियापदापर्यंत एका दमात पोचतंय, तर वेग बरोबर. मध्येच श्वास घ्यायला थांबावं लागतंय, खांदे वर उचलले जाताहेत, तर वेग कमी करा. आणि चालता चालता गाणं म्हणता येत असेल, तर थोडं वाढवायला हरकत नाही.

याच्या जोडीला बोर्गची पट्टी. गुन्नर बोर्ग हे स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ. त्यांची पट्टी 6 पासून 20 पर्यंत जाते. 6 म्हणजे काहीच श्रम नाहीत, 11 म्हणजे हलकं, 13 म्हणजे थोडं जड, 15 म्हणजे जड, 20 म्हणजे याच्यापुढे शक्यच नाही. 6 पासून सुरुवात विचित्र वाटते. कारण असं की निरोगी तरुण माणसात त्या आकड्याला दहानं गुणलं की साधारण नाडीचे ठोके मिळतात. तुमच्या बाबतीत गोळ्यांमुळे तो गुणाकार चुकेल, पण पट्टी चुकत नाही. सुरुवातीला 11 ते 13 मध्ये राहायचं. पायांचा थकवा, श्वास, अंगाचा जडपणा, सगळं मिळून एकच आकडा सांगायचा. पुरुषांनी आपला आकडा दोननं कमी सांगायची सवय सोडावी, समोरच्याला चेहरा दिसत असतो.

एक दिवसाचा व्यायाम

जेवणानंतर निदान एक-दीड तास जाऊ द्या. सुरुवातीची दहा मिनिटं हळू चाला, खांदे फिरवा, टाचा उचला. हृदयाच्या रक्तवाहिन्या सैल व्हायला वेळ लागतो आणि ज्यांना श्रमानं छातीत दुखतं, त्यांचं दुखणं बऱ्याचदा या पहिल्या घाईतूनच येतं. मग मुख्य चालणं.

शेवटची दहा मिनिटं सगळेच टाळतात, आणि मी भांडते ती याच दहा मिनिटांसाठी. चालताना पोटऱ्यांचे स्नायू दर पावलाला आकसतात आणि पायांतलं रक्त वर ढकलतात. तुम्ही एकदम थांबलात की ते ढकलणं थांबतं. पायांच्या रक्तवाहिन्या मात्र अजून फुगलेल्याच असतात. रक्त खाली साठतं, रक्तदाब पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. त्यात रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर आणखीच. शिवाय श्रमानं वाढलेलं अ‍ॅड्रिनलिन अजून अंगात असतं, त्यामुळे ठोक्यांची लय बिघडण्याची भीती याच मिनिटांत जास्त असते. म्हणून वेग टप्प्याटप्प्यानं उतरवा, श्वास पूर्वीसारखा झाला की मगच बसा. लगेच कडक गरम पाण्यानं अंघोळ करू नका, तिनंही हेच होतं.

वाढवण्याचा क्रम ठरलेला आहे: आधी किती वेळा, मग किती वेळ, मग वेग, आणि चढ सगळ्यात शेवटी. साधारण असं बसतं. पहिल्या आठवड्यात सपाट जागेवर पाच ते दहा मिनिटं, दिवसातून दोनदा-तीनदा. पुढे दर दोन-तीन दिवसांनी मिनिट-दोन मिनिटं वाढवत जा. सहा आठवड्यांच्या आसपास सलग तीस मिनिटं जमायला लागतात. कुणाला त्याआधी जमतं, पंपिंग कमी असेल त्यांना उशिरा. तेवढं सुखानं होऊ लागलं की वेग. आठवड्याला मध्यम जोराची एकूण 150 मिनिटं, हे पुढचं लक्ष्य. एका वेळी एकच गोष्ट वाढवा. काल व्यायामानंतर तासाभरातही थकवा उतरला नसेल किंवा रात्री झोप लागली नसेल, तर आज कालच्यापेक्षा कमी.

हृदयरुग्णांच्या व्यायाम केंद्रात जाणं शक्य नसेल तर घरीही हे होतं, आणि नीट आखून, फोनवरून विचारपूस ठेवून केलेला घरचा व्यायाम केंद्राच्या तोडीचा ठरतो, असं चाचण्यांत दिसलं आहे. पण पंपिंग बरंच कमी असेल, ठोक्यांची लय बिघडत असेल किंवा श्रमानं छातीत दुखत असेल, तर सुरुवातीचे आठवडे देखरेखीखालीच काढा.

ताकदीचे व्यायाम

चालणं अंगवळणी पडल्यावर, म्हणजे अटॅक किंवा शस्त्रक्रियेनंतर पाच-सहा आठवडे गेल्यावर, विचारून सुरू करा. आठवड्यातून दोन-तीन दिवस, मध्ये एक दिवस मोकळा. सगळ्यात उपयोगी व्यायाम खुर्चीवरून उठण्याचा. भिंतीला टेकवलेली, न हलणारी खुर्ची घ्या. पुढच्या कडेला सरकून बसा, पावलं गुडघ्यांच्या किंचित मागे, हात छातीवर घडी. पुढे झुका आणि तोंडानं श्वास सोडत उभे राहा. बसताना श्वास आत. दहा वेळा.

श्वास रोखून धरणं ही इथली खरी अडचण. ओठ मिटतात, मानेच्या शिरा टरारतात, चेहरा लाल होतो आणि रक्तदाब एका क्षणात चढतो. हे चुकवायला मी मोठ्यानं आकडे मोजायला लावते, बोलताना श्वास रोखता येत नाही. जड डबा सरकवताना, घट्ट झाकण उघडताना आणि शौचाला कुंथतानाही हेच होतं, तेव्हा बद्धकोष्ठ असेल तर डॉक्टरांना सांगा, लाजू नका.

बायपास झालेल्यांचं गणित वेगळं. छातीचं हाड तारेनं बांधलेलं असतं आणि पक्कं व्हायला साधारण तीन महिने लागतात. तोवर चार-पाच किलोंपेक्षा जड उचलणं, दार ढकलणं, कठड्याला धरून स्वतःला वर ओढणं बंद. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळा, पाय खाली सोडा, मग उठा. खोकला आला तर उशी छातीशी घट्ट धरा. पण घाबरून हात अंगाला चिकटवूनही ठेवू नका, खांदे आखडतात. कोपर अंगाजवळ ठेवून हलक्या हालचाली चालू ठेवा. हाडात कटकट आवाज आला किंवा जखमेतून पाणी आलं, तर थेट सर्जनकडे.

पेसमेकर बसवलेल्यांनी सर्जन सांगतील तितके आठवडे, साधारण चार ते सहा, त्या बाजूचा हात खांद्याच्या वर नेऊ नये. शॉक देणारं यंत्र असेल, तर ते किती ठोक्यांवर शॉक देतं ते विचारा आणि व्यायाम त्याच्या बराच खाली ठेवा.

कधी थांबायचं

छातीत दाब, आवळल्यासारखं वाटणं, जबड्यात, खांद्यात किंवा हातात कळ, थंड घाम, चक्कर, बोलता येऊ नये इतकी धाप, ठोके चुकल्याची जाणीव. यांतलं काहीही झालं की थांबून बसा. जिभेखालची गोळी दिलेली असेल तर बसूनच घ्या, उभ्यानं घेतली तर रक्तदाब पडून कोसळायला होतं. पाच मिनिटांत दुखणं गेलं नाही किंवा वाढत गेलं, तर रुग्णवाहिका बोलवा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही. गोळी खिशात हवी, घरच्या कपाटात ठेवलेली काही कामाची नाही.

मधुमेहाला इन्शुलिन घेणाऱ्यांनी आधी साखर बघावी. 100 च्या खाली असेल तर थोडं खाऊन मगच सुरुवात करा. बीटा ब्लॉकर चालू असताना साखर उतरल्यावर होणारी धडधड जाणवत नाही, घाम मात्र फुटतो. त्या घामावर लक्ष ठेवा.

एक प्रश्न मला बहुतेक जण दाराबाहेर पडता पडता, हळू आवाजात विचारतात. शरीरसंबंध कधी? दोन मजले जिने दम न लागता, छातीत न दुखता चढता येत असतील, तर साधारणपणे हरकत नसते. बायपासनंतर छातीच्या हाडावर भार येऊ द्यायचा नाही. आणि जिभेखालची किंवा दुसरी कुठलीही नायट्रेटची गोळी चालू असेल, तर सिल्डेनाफिल (व्हायग्रा) वर्गातली औषधं अजिबात नाहीत, रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत खाली जातो.

एक वही करा. तारीख, किती मिनिटं, बोर्गचा आकडा, काही त्रास झाला का आणि गोळ्या किती वाजता घेतल्या, एवढंच. पुढच्या तपासणीला ती डॉक्टरांसमोर उघडी ठेवा. चक्कर दरवेळी सकाळच्या गोळीनंतर तासाभरात येतेय, हे वहीत दिसतं. मग व्यायाम बंद करायच्या ऐवजी गोळीची वेळ किंवा मात्रा बदलायची का, ते डॉक्टर ठरवू शकतात.