पाच वाजता बिगुल वाजला की थांबायचं

टेक्सासमधल्या फोर्ट हूड या अमेरिकन लष्करी तळावर, म्हणजे बेसवर, येऊन मला चौथा दिवस होता. कमिसरीतून, म्हणजे बेसवरच्या वाणसामानाच्या दुकानातून, बाहेर पडले. एका आजोबांनी माझ्या पिशव्या भरल्या, गाडीपर्यंत ढकलत आणल्या, डिकीत नीट रचल्या आणि क्षणभर तिथेच उभे राहिले. मी हसून ‘थँक यू’ म्हटलं. तेही हसले आणि गेले. मी किल्ल्या शोधत असताना कुठूनतरी बिगुल वाजायला लागला आणि पार्किंगमधला माणूस न् माणूस जागच्या जागी थिजला. गणवेशातल्यांचे हात कपाळाला गेले, रस्त्यावरच्या गाड्या थांबल्या. चालत होते एकटी मी! शेजारच्या एका बाईने माझं कोपर हलकेच धरलं, तेव्हा थांबले.

रात्री नवऱ्याने दोन्ही गोष्टी समजावल्या. संध्याकाळी झेंडा उतरवतात त्याला ‘रिट्रीट’ म्हणतात. बहुतेक ठिकाणी ती वेळ पाचची. आपण नागरिक असलो तरी झेंड्याच्या दिशेने तोंड करून उभं राहायचं, गाडी चालवत असलो तर बाजूला घेऊन थांबायचं. आणि कमिसरीत पिशव्या भरणाऱ्यांना पगार नसतो, ते फक्त टिपेवर काम करतात. दुसऱ्या दिवशी मी पाच डॉलर मुठीत धरून गेले, तर त्या आजोबांची पाळी नव्हती.

अमेरिकन सैन्यातल्या माणसाशी लग्न करून इकडे येणाऱ्या मराठी मुली हल्ली मला अधूनमधून फोन करतात. (काही मुलगेही करतात, बायको सैन्यात असलेले. त्यांनी ‘नवरा’ दिसेल तिथे ‘बायको’ वाचावं.) फोर्ट हूड, मग जर्मनीत फिल्सेक, आता वॉशिंग्टन राज्यात लुईस-मॅककॉर्ड, एवढी बिऱ्हाडं मी हलवली. माझं सांगणं एकच असतं: नवरा घरी आहे तोवर सगळे कागद तुमच्या हाताने चालतील असे करून घ्या. प्रेमाचा, विश्वासाचा प्रश्न नाही. इथे तुम्ही कागदोपत्री ‘डिपेंडंट’ आणि तो तुमचा ‘स्पॉन्सर’. शब्द टोचतो, मलाही टोचला. पण काउंटरवरच्या माणसाला तुमच्या टोचण्याशी देणंघेणं नसतं. तो विचारतो, ‘स्पॉन्सर कुठाय?’

पहिलं काम डीअर्स. ही सैनिकांच्या कुटुंबांची नोंदवही समजा. तिच्यात नाव नाही तर ओळखपत्र नाही, दवाखाना नाही, काही नाही. लग्नाचा दाखला, जन्मदाखला, सोशल सिक्युरिटी कार्ड, पासपोर्ट, सगळं मूळ प्रतीत न्यायचं. आपला विवाह नोंदणीचा दाखला मराठीत असेल तर त्याचं प्रमाणित इंग्रजी भाषांतर आधीच करून ठेवा. तिथे नवरा सोबत हवा. तो येऊ शकत नसेल तर त्याच्या सहीचा ११७२-२ नंबरचा फॉर्म हवा. मुलांची नोंद जन्मल्यावर लगेच करायची असते, त्यांना स्वतःचं कार्ड मात्र साधारण दहाव्या वर्षी मिळतं.

डीअर्स झालं की ट्रायकेअर, म्हणजे आरोग्यविमा. सैनिक सक्रिय सेवेत असेल तर कुटुंबाला प्राइम आणि सिलेक्ट असे दोन मुख्य पर्याय. प्राइममध्ये पैसे जवळजवळ लागत नाहीत, पण तज्ज्ञाकडे जायला तुमच्या ठरलेल्या डॉक्टरची चिठ्ठी लागते. सिलेक्टमध्ये मोकळीक जास्त, खर्चही थोडा जास्त. लग्न, बाळंतपण, बदली असं काही घडलं की प्लॅन बदलायला ९० दिवस मिळतात, ते दिवस मोजत राहा. दातांचा विमा वेगळा घ्यावा लागतो. माझ्या हे लक्षात आलं ते दाढ दुखायला लागल्यावर.

आता एक गोष्ट, जी बेसवरच्या अमेरिकन मैत्रिणी तुम्हाला सांगणार नाहीत, कारण त्यांना ती करावीच लागत नाही. तुम्ही अजून नागरिक नसाल तर घर बदलल्यापासून दहा दिवसांच्या आत इमिग्रेशनला नवा पत्ता कळवावा लागतो, एआर-११ फॉर्मवर. सैन्याने तुमची बदली केली, सरकारनेच ट्रक पाठवला, म्हणून सरकारला पत्ता कळला असं होत नाही. दोन खाती, दोन जगं. बदलीच्या खोक्यांच्या ढिगाऱ्यात हे हमखास राहतं.

ग्रीन कार्डाचंही तसंच. अमेरिकन नागरिकाशी लग्न झालेल्यांना नागरिकत्वासाठी ग्रीन कार्ड मिळाल्यापासून साधारण तीन वर्षं थांबावं लागतं. पण नवरा नागरिक असेल आणि त्याची परदेशी बदली झाली असेल, तर इमिग्रेशन कायद्याच्या ३१९(ब) कलमाखाली ती मुदत लागत नाही. ग्रीन कार्ड हवं, आणि बदलीच्या आदेशात तुमचं नाव हवं. आमची जर्मनीची ऑर्डर आली तेव्हा मी रडले होते, परत सगळं नव्याने म्हणून. वर्षभरात त्याच ऑर्डरीच्या जोरावर मी नागरिक झाले. तेव्हा परदेशी बदली म्हटलं की आधी हे कलम विचारा, मग रडा. बेसवर लीगल असिस्टन्स नावाचं ऑफिस असतं, तिथले वकील फुकट सल्ला देतात. इमिग्रेशनचं काम सगळीकडे करतातच असं नाही, पण कुठे जायचं ते तरी सांगतात.

घराबद्दल थोडक्यात. भाड्यासाठी मिळणारा भत्ता, बीएएच, नवऱ्याचा हुद्दा आणि नेमणुकीचा पिनकोड यांवर ठरतो आणि त्यावर कर नसतो. बेसवर राहिलात तर तो साधारण सगळाच घराच्या कंपनीला जातो, बाहेर राहिलात तर वाचलेला तुमचा. बाहेरच्या घरमालकाने बदलीच्या वेळी ‘करार मोडला, दंड भरा’ म्हटलं तर घाबरू नका. सर्व्हिसमेंबर्स सिव्हिल रिलीफ अॅक्ट नावाच्या कायद्याने बदलीची किंवा ९० दिवस वा त्याहून मोठ्या डिप्लॉयमेंटची, म्हणजे मोहिमेवर पाठवणीची, ऑर्डर दाखवून, लेखी नोटीस देऊन करार संपवता येतो. आमच्या एका घरमालकाला हा कायदा ठाऊक नव्हता. छापून नेऊन दिला, मग झाला.

डिप्लॉयमेंटवर मात्र मी जास्त बोलणार आहे.

२०१३ मध्ये नवरा नऊ महिन्यांसाठी अफगाणिस्तानला गेला. गाडी त्याच्या एकट्याच्या नावावर होती. तिसऱ्या महिन्यात ती बंद पडली, विकायची ठरली, आणि जिथे जाईन तिथे एकच उत्तर: मालकाला घेऊन या. माझ्याकडे जनरल पॉवर ऑफ अॅटर्नी, म्हणजे त्याच्या वतीने सह्या करायचं मुखत्यारपत्र, होती, तरी एका बँकेने ती घेतली नाही. त्यांना त्या विशिष्ट कामासाठीची ‘स्पेशल’ हवी होती. तेव्हा निघण्याआधी त्याच लीगल असिस्टन्समध्ये दोघांनी मिळून जा आणि गाडी, बँक, घर, कर, मुलांचे दवाखाने यांच्या वेगवेगळ्या करून घ्या. मुदत त्याच्या परतण्याच्या तारखेपुढे दोन-तीन महिने ठेवा, कारण परतीच्या तारखा पुढे सरकतात. पगाराची चिठ्ठी, तिला एलईएस म्हणतात, ती कशी वाचायची हेही शिकून घ्या. आमच्या घरातला पगारातला घोळ पहिल्यांदा मीच पकडला.

दोन कागद त्याच्याकडून आठवणीने तपासून घ्या. एक डीडी-९३, त्यात काही झालं तर कोणाला कळवायचं ते लिहिलेलं असतं. दुसरा एसजीएलआय, आयुर्विमा, सध्या जास्तीत जास्त पाच लाख डॉलरचा. लग्नाआधी भरलेल्या या कागदांवर बऱ्याच पोरांनी आईचं नाव घातलेलं असतं आणि ते तसंच राहतं. विषय काढायला जीभ रेटत नाही. मी जेवताना काढला, वांग्याच्या भाजीवर. त्याने घास ठेवला, ‘उद्या करतो’ म्हणाला आणि केलं.

बातम्यांचं सांगते. त्या नऊ महिन्यांत एकदा तीन दिवस त्याचा ना फोन, ना मेसेज. बायकांच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलं, ‘ऐकलंय की आपल्या युनिटची गाडी उडाली.’ युनिटमध्ये कोणाला काही झालं की तिथलं इंटरनेट, फोन बंद करतात, कुटुंबाला अधिकृतपणे कळण्याआधी बातमी फुटू नये म्हणून. याला ब्लॅकआउट म्हणतात. फोन बंद म्हणजे आपल्याच माणसाला काहीतरी झालं, असं अजिबात नाही. मृत्यूची बातमी फोनवरून देत नाहीत. गणवेशातली माणसं दाराशी येतात, आणि आर्मीत ती पहाटे पाच ते मध्यरात्र या वेळातच. जखमी असेल तर फोन येतो, म्हणजे फोन वाजला तर तो जिवंत आहे. जवळच्या नातेवाइकाला कळवल्यावर २४ तास उलटेपर्यंत नाव जाहीर करत नाहीत. हे नियम मला शेजारणीने दुसऱ्या दिवशी सांगितले. त्या रात्री मी बारा वाजता झोपले, गजर पाचचा लावून. तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. सूप सांडलं म्हणून चिडला होता.

त्यामुळे ग्रुपवरच्या ‘ऐकलंय’वर विश्वास ठेवू नका आणि स्वतःही काही पुढे ढकलू नका. अधिकृत माहिती युनिटच्या एसएफआरजीकडून येते. आर्मीतला हा कुटुंबांचा गट, नौदलात हेच काम ऑम्बड्समन करते, हवाई दलात ‘की स्पाउस’. तिथे आपला नंबर नोंदवा, अगदी माणूसघाण्या असलात तरी. फेसबुकवर ‘फक्त १२ दिवस उरले’ असले काउंटडाउन टाकायचे नाहीत, परतीची तारीख, विमान, ठिकाण काही नाही. आपल्या आत्या-मावश्यांच्या ग्रुपवरही नाही. तिथून ते कुठे जाईल सांगता येत नाही.

मन लागेनासं झालं तर मिलिटरी वनसोर्स ही सैनिकांच्या कुटुंबांसाठीची मदतसेवा आहे. चोवीस तास, फुकट. समुपदेशनाच्या एका विषयाला बारापर्यंत भेटी मिळतात आणि सगळं नवऱ्याच्या फाइलीत जाईल ही भीती बहुतेक बाबतीत खोटी आहे. जिवाला धोका, घरातली मारहाण अशा गोष्टी मात्र त्यांना कळवाव्याच लागतात. मी गेले होते, चार वेळा.

नोकरीचं दर बदलीला पहिल्यापासून. परवाना लागणारं काम असेल, नर्स, शिक्षिका, तर नव्या राज्यात परवाना घेण्याचा खर्च बदलीमागे हजार डॉलरपर्यंत परत मिळतो. पावत्या जपा. ठरावीक हुद्द्यांपर्यंतच्या सैनिकांच्या जोडीदारांना मायका योजनेतून कोर्ससाठी चार हजार डॉलरपर्यंत मिळतात. नाव ऐकून मला माहेरच आठवतं.

आईबाबा येणार असतील तर तिकीट काढण्याआधी व्हिजिटर सेंटरला विचारा. भारतीय पासपोर्टवाल्यांना गेटमधून आत घ्यायचे नियम प्रत्येक बेसचे वेगळे, कधीकधी अर्ज बराच आधी द्यावा लागतो. माझे बाबा पहिल्या वेळी दीड तास गेटबाहेर बसले होते, मांडीवर लाडवांचा डबा घेऊन.

आणि सामान महिनाभर उशिरा येतं, येतंच. आर्मी कम्युनिटी सर्व्हिसच्या लेंडिंग क्लोजेटमधून तोवर भांडी, ताटं, इस्त्री उसनी मिळते. कुकर मात्र तिथे मी आजवर पाहिलेला नाही. तो आणि शिट्टी हातातल्या बॅगेत घ्या.