मोठी एसयूव्ही की पॅसेंजर व्हॅन : निवडताना या चुका टाळा

आठ-दहा माणसांना एकत्र नेणारी गाडी हवी असली, की बहुतेकांची चौकशी एकाच प्रश्नापासून सुरू होते आणि तिथेच संपते : सीट किती आहेत? गटाने केलेल्या प्रवासांची व्यवस्था मी बरीच वर्षे पाहत आलो आहे, आणि या एका प्रश्नावर घाईने घेतलेले निर्णय पुढे किती त्रास देतात हे वारंवार पाहिल्यामुळेच हे लिहीत आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे माणसे आणि सामान यांचा हिशेब वेगवेगळा करणे. आठ सीटची एसयूव्ही आठ माणसे नेते हे खरे. पण तिसरी रांग उभी असताना तिच्यामागे उरणारी जागा फार थोड्यांनी डोळ्यांनी पाहिलेली असते, कारण दालनात उभ्या असलेल्या गाडीची ती रांग बहुधा दुमडून ठेवलेली असते आणि मागचे दार उघडताच डिकी ऐसपैस दिसते. शेव्हर्ले टाहो आणि सबर्बन या एकाच घडणीच्या दोन गाड्या घ्या. २०२१ पासूनच्या पिढीत दोघींच्या लांबीत साधारण ३८ सेंटीमीटरचा फरक आहे. पण तिसऱ्या रांगेमागे टाहोत सुमारे ७२० लिटर जागा मिळते, तर सबर्बनमध्ये सुमारे ११७५ लिटर. हे आकडेही छतापर्यंत सामान रचले तरचे आहेत, म्हणजे मागच्या काचेतून काहीही दिसणार नाही अशा स्थितीतले. सीट मात्र दोघींत सारख्याच.

हा धडा मला एका पहाटे मिळाला. आम्ही आठ जण पाच दिवसांच्या प्रवासाला निघालो होतो आणि आठ सीटची एसयूव्ही मीच ठरवली होती. पाच बॅगा मागे बसल्या, सहावी आडवी घालून दार खांद्याने रेटले तेव्हा ते लागले, पण तिसऱ्या रांगेची पाठ इतकी पुढे आली की तिथे बसलेल्यांचे गुडघे पुढच्या सीटला टेकले. उरलेल्या दोन बॅगा आणि एक जड पेटी टपावर चढवून ताडपत्रीने बांधली. सगळे बसल्यावर मी गाडीपासून दहा पावले मागे जाऊन पाहिले, तर गाडीचा मागचा भाग स्पष्ट खाली बसला होता आणि हेडलाइटचा झोत समोरच्या भिंतीवर नेहमीपेक्षा हातभर वर पडत होता. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपवणारी आणि वळणावर वरून झुकणारी ही गाडी घेऊन निघणे मला पटेना. निघायला दोन तास उशीर झाला, सामानासाठी दुसरी गाडी बोलवावी लागली, आणि तीन जण त्या गाडीतून आले.

तेव्हापासून माझी सवय ठरून गेली आहे. गाडी पाहायला जाताना खऱ्या बॅगा बरोबर नेतो, सगळ्या सीट उभ्या करायला लावतो, बॅगा आत ठेवून दार लावून पाहतो. विक्रेत्याला हे आवडत नाही. त्याची पर्वा करू नये.

जागेइतकाच वजनाचा हिशेब महत्त्वाचा, आणि तो तर कोणीच करत नाही. गाडीच्या कागदपत्रांत किंवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या पट्टीवर एकूण कमाल वजन, किंवा थेट माणसे व सामान मिळून किती भार चालेल, हे दिलेले असते. एकूण कमाल वजनातून रिकाम्या गाडीचे वजन वजा केले की उरते ती भारक्षमता. समजा ती ७२० किलो आहे. सरासरी ७५ किलोची आठ माणसे म्हणजे ६०० किलो, आणि १८ किलोच्या आठ बॅगा म्हणजे १४४ किलो. बेरीज ७४४ झाली. एकही सीट जास्तीची न भरता आणि एकही बॅग टपावर न टाकता मर्यादा ओलांडली गेली. युरोपीय पद्धतीच्या आकड्यांत रिकाम्या गाडीच्या वजनात ७५ किलोचा ड्रायव्हर आधीच धरलेला असतो, तेव्हा तो दोनदा मोजला जाणार नाही किंवा सुटणार नाही याकडे लक्ष द्यावे.

एवढे ऐकल्यावर काही जण लगेच पंधरा सीटच्या व्हॅनकडे वळतात आणि दुसरी मोठी चूक करतात : तिला लांब कार समजून चालवतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००१ मध्ये या व्हॅनबद्दल जाहीर इशारा दिला होता. १० किंवा अधिक माणसे असलेली व्हॅन एकट्या गाडीच्या अपघातात उलटण्याचे प्रमाण हलका भार असलेल्या व्हॅनच्या जवळजवळ तिप्पट आढळले होते. कारण समजून घेण्यासारखे आहे. माणसे भरत जातात तसा गुरुत्वमध्य वर जातो आणि मागेही सरकतो, कारण शेवटची रांग मागच्या चाकांच्याही मागे असते. अशा गाडीचे स्टिअरिंग घाबरून झटक्याने फिरवले, की मागचा भाग बाहेर फेकला जातो. नव्या व्हॅनमध्ये घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा असते आणि तिने मोठा फरक पडतो. तरीही जुनी व्हॅन घेताना ती यंत्रणा आहे की नाही हे विचारल्याशिवाय मी पुढे बोलतच नाही.

त्याच इशाऱ्यांतून आलेले नियम मी काटेकोरपणे पाळतो : माणसे कमी असतील तर पुढच्या रांगा आधी भरायच्या, टपावर काहीही ठेवायचे नाही, आणि प्रत्येकाने पट्टा लावायचा. एकदा निघायच्या आधी शेवटच्या रांगेत मौजेने जाऊन बसलेल्या चौघांना मी पुढे बोलावले, तेव्हा ड्रायव्हर वैतागला. मग आम्ही दोघांनी टायरातली हवा मोजली. मागच्या उजव्या टायरची बाजू जमिनीलगत फुगून आली होती आणि मीटरचा काटा पट्टीवर लिहिलेल्या आकड्याच्या बराच खाली थांबला. व्हॅनमध्ये पुढच्या आणि मागच्या टायरांसाठी अनेकदा वेगवेगळे आकडे असतात, आणि चारही टायरांत सारखीच हवा भरून घेणे हा आळस आहे. हवा आठवड्यातून एकदा थंड टायरवर मोजावी.

उंचीची चूक एका वाक्यात सांगता येते : उंच छताची व्हॅन अडीच मीटरच्या वर जाते, आणि अनेक बंदिस्त पार्किंगमध्ये दोन-सव्वादोन मीटरची गाडीच शिरू शकते. परवान्याचीही चौकशी आधी करावी. युरोपीय संघात साध्या कारच्या परवान्यावर ड्रायव्हरसह नऊच माणसे नेता येतात, आणि अमेरिकेत ड्रायव्हर धरून सोळा किंवा अधिक माणसांसाठी बनवलेल्या गाडीला व्यावसायिक परवाना लागतो. लहान मुलांच्या आसनांचे अडकवण्याचे बिंदू कोणत्या सीटवर आहेत हे स्वतः हात घालून पाहावे.

जड ट्रेलर ओढायचा असेल किंवा कच्च्या, चढणीच्या रस्त्यावर नेहमी जायचे असेल, तर माझे मत सरळ एसयूव्हीच्या बाजूने आहे. पण वर्षातून दोनदाच अशा रस्त्याने जाणारे लोक उरलेले दिवस तिसऱ्या रांगेत माणसे कोंबतात, ते मला पटत नाही. नेहमीच आठांहून अधिक माणसे आणि त्यांचे सामान असेल, तर व्हॅनच घ्यावी. तिच्या सरकत्या दारातून वयस्कर माणसे कोणतीही सीट न दुमडता आत जातात, हे एकच कारण मला पुरेसे वाटते.

शेवटची गोष्ट ट्रायलची. रिकामी गाडी एकट्याने दहा मिनिटे चालवून निर्णय घेऊ नये. सगळी माणसे बसवून, शक्यतो वाऱ्याच्या दिवशी मोकळ्या रस्त्यावर जावे, कारण व्हॅनच्या उंच बाजूंवर आडवा वारा आला की ती कशी सरकते हे तेव्हाच हाताला कळते. परत आल्यावर अरुंद वळण घेऊन पाहावे आणि मागच्या चाकांमागचा लांब भाग कुठून फिरतो ते बाहेर उभ्या असलेल्या माणसाला पाहायला सांगावे. मग स्टेपनी बाहेर काढायला लावावी. तिच्या बाजूवर छापलेल्या सांकेतिक क्रमांकाच्या शेवटच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन टायर तयार झाल्याचा आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात; टायर किती जुना आहे ते त्यावरून कळते.