साइटवर मजुरांची मुलं: ठेकेदार आणि सोसायट्यांनो, या चुका टाळा

मुंबईत रीडेव्हलपमेंटच्या साइटवर डोकावलं तर कुठे ना कुठे साडीची झोळी टांगलेली दिसते. आई वर स्लॅबवर, बाळ झोळीत, आणि त्याला झोका द्यायला सहा-सात वर्षांची ताई. मुकादमाला माहीत असतं, ठेकेदारालाही. "मुलं ठेवणार कुठे बिचारे?" म्हणून सगळे कानाडोळा करतात.

सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज म्हणजे "इन्शुरन्स आहे ना!" कामगार भरपाईची पॉलिसी कामगारापुरती असते. मूल कामगार नाही, ते तिच्यात बसत नाही. मग ठेकेदार सीएआर (कॉन्ट्रॅक्टर्स ऑल रिस्क, म्हणजे बांधकामाचा विमा) पॉलिसीतल्या थर्ड पार्टी कव्हरकडे, म्हणजे बाहेरच्या माणसाला इजा झाली तर मिळणाऱ्या संरक्षणाकडे, बोट दाखवतो. त्यातले अपवाद वाचा. कामगारांबरोबर त्यांचे कुटुंबीयही तिथे सहसा वगळलेले असतात. म्हणजे रस्त्यावरच्या परक्या मुलाला वीट लागली तर विमा कंपनी दावा बघेल तरी, झोळीतल्या बाळासाठी मात्र हात वर करेल. पैसे तुमच्या खिशातून. पॉलिसी घेतानाच हे लेखी विचारा. एजंटच्या "होऊन जाईल"ला काही अर्थ नाही.

आईकडून "मुलाची जबाबदारी माझी" असा अंगठा घेणं तर उलटतंच. मुलाचा भरपाईचा हक्क त्याने संपत नाही. लिफ्टच्या उघड्या डक्टमध्ये पडून मूल दगावलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम 106 लागू शकतं, म्हणजे निष्काळजीपणाने मृत्यू आणि 5 वर्षांपर्यंत कैद. मुलं साइटवर असतात हे तुम्हाला ठाऊक होतं, याचा पुरावा तोच अंगठ्याचा कागद. सोसायटीच्या कमिटीनेही वर्क ऑर्डरमधल्या "सर्व जबाबदारी ठेकेदाराची" या ओळीवर विसंबू नये. तिच्या जोरावर पुढे ठेकेदाराकडून वसुली मागता येईल, पण नोटीस कमिटीलाही येऊ शकते.

"जरा दोन विटा दे रे" हेसुद्धा नको. 14 वर्षांखालच्या मुलाला कामाला लावायला 2016 च्या दुरुस्तीपासून सगळ्याच धंद्यांत बंदी आहे. शिक्षा 6 महिने ते 2 वर्षं कैद, किंवा 20 ते 50 हजार दंड, किंवा दोन्ही. शाळा सुटल्यावर घरच्या धंद्यात मदत करायची सूट आहे, पण तुमची साइट हा त्यांचा घरचा धंदा नव्हे.

पण या भीतीने मुलांना गेटबाहेरही काढू नका. ती रस्त्यावर खेळतील, नाहीतर पत्र्याच्या फटीतून पुन्हा आत येतील. 50 किंवा जास्त कर्मचारी असतील तर पाळणाघर कायद्यानेच द्यावं लागतं, आणि आईला दिवसातून 4 वेळा तिथे जाऊ द्यावं लागतं. मुंबई मोबाइल क्रेशेस ही संस्था 1972 पासून बांधकामांवर हेच काम करते, त्यांच्याशी बोला. साइट लहान असेल तर तळमजल्यावर दार असलेली एक खोली द्या, सळई कापायच्या मशीनपासून आणि पाण्याच्या टाकीपासून लांब. टाकीला झाकण, डक्टला प्लाय ठोकून अडसर. मुलं सांभाळायला पगारी बाई ठेवा आणि तिचा पगार कोटेशनमध्येच धरा. काम सुरू झाल्यावर बिल्डर तो देत नाही.