बाहेर जाणारे कॉल कसे रोखावेत आणि लाइनवर उपकरणे कशी जोडावीत

कॉल रोखण्याचे कुलूप फोनला लावून भागत नाही, ते लाइनला लागते. जुन्या चकतीच्या फोनला कुलूप घातले तरी हूक (रिसीव्हर ठेवण्याची खटकी) ठरावीक लयीत दाबून नंबर लावता येत असे. चकती तरी दुसरे काय करते? सेकंदाला साधारण १० वेळा या वेगाने लाइन तोडते आणि जोडते, आणि एक्सचेंज (कंपनीचे कॉल जोडून देणारे केंद्र) ते ठोके मोजते. म्हणून पहिला प्रश्न हा, की अडथळा नेमका कुठे बसवणार. तो एक्सचेंजच्या जितका जवळ, तितक्या पळवाटा कमी.

लँडलाइन

सर्वांत भक्कम उपाय म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीकडून एक्सचेंजमध्येच बारिंग, म्हणजे बाहेर जाणाऱ्या कॉलवर बंदी, करून घेणे. मग घरात कितीही फोन जोडले तरी फरक पडत नाही. बारिंग कोडने उघडता येण्यासारखे असेल तर मूळ कोड त्याच दिवशी बदला.

कॉल लॉकचा डबा वापरायचा असेल, तर लाइन इमारतीत शिरते तिथे, पहिल्या सॉकेटच्या आधी तो बसवा. बाहेरची जोडी डब्याच्या 'लाइन' बाजूला आणि घरातले सगळे फोन 'फोन' बाजूला. डब्याच्या आधी एक जरी फाटा फुटला असेल, तर तिथला फोन मोकळाच राहतो. बसवून झाल्यावर एक फोन टोनवरून (बटणांचे सूर) पल्सवर (चकतीसारखे ठोके) करा आणि बंद केलेला नंबर लावून पाहा. काही डबे फक्त टोन ओळखतात, आणि पल्सचा कॉल त्यांच्या नाकाखालून निघून जातो.

मोबाइल

इथे बारिंग हँडसेटला नसून सिमच्या जोडणीला असते. दोन सिम असतील तर दोन्हींवर वेगवेगळे करावे लागते. नेटवर्क ही सेवा देत असेल तर पायऱ्या अशा:

१. आधीची स्थिती पाहायला *#३३# डायल करा.
२. सगळे बाहेर जाणारे कॉल बंद करायला *३३*पासवर्ड#.
३. फक्त आंतरराष्ट्रीय कॉल बंद करायला *३३१*पासवर्ड#.
४. उघडायला त्याच कोडच्या सुरुवातीला * ऐवजी #, म्हणजे #३३*पासवर्ड# किंवा #३३१*पासवर्ड#.

हा बारिंगचा पासवर्ड सिमच्या पिनपेक्षा वेगळा असतो. तो लागोपाठ ३ वेळा चुकला की सेवा अडकते, आणि मग कंपनीकडूनच नवा घ्यावा लागतो. आपत्कालीन कॉल या बारिंगमध्ये अडकत नाहीत. इंटरनेटवरून कॉल करणारी अ‍ॅप्सही अडकत नाहीत, त्यांचा बंदोबस्त फोनच्या सेटिंगमध्ये वेगळा करावा.

मोजकेच नंबर चालू ठेवायचे असतील तर 'फिक्स्ड डायलिंग', म्हणजे ठरवलेल्या यादीतलेच नंबर लागू देणारी सोय, जास्त उपयोगी. त्याला पिन-२, म्हणजे सिमचा दुसरा पिन, लागतो. यादीतला नंबर आणि लावलेला नंबर सारखाच लिहिलेला असावा, म्हणून देशाच्या कोडसह आणि कोडशिवाय अशा दोन्ही नोंदी करून ठेवा.

कार्यालयातला ईपीएबीएक्स

ईपीएबीएक्स म्हणजे कार्यालयातले फोन आपसांत आणि बाहेरच्या लाइनला जोडणारे यंत्र. सगळ्यांत जास्त गळती इथेच होते. प्रत्येक एक्स्टेन्शनला, म्हणजे आतल्या फोनला, वर्ग द्या: फक्त आतले, स्थानिक, देशभर, सर्व. 'हे नंबर बंद' अशी यादी करण्यापेक्षा 'एवढेच चालू' अशी यादी करा. बंद यादीत ०० घातले तरी + ने सुरू होणारा किंवा दुसऱ्या प्रिफिक्सचा कॉल सुटू शकतो. आपत्कालीन नंबर मात्र प्रत्येक वर्गात, अगदी 'फक्त आतले' मध्येही, चालू हवेत. लिफ्टचा फोन आणि अलार्म पॅनेल जे नंबर लावतात तेही त्या-त्या एक्स्टेन्शनला मोकळे हवेत.

मग पळवाटा एकेक करून बुजवा. बाहेरून येऊन पुन्हा बाहेर जाऊ देणारी डीआयएसए सुविधा लागत नसेल तर बंद करा. व्हॉइसमेलचे मूळ पासवर्ड बदला. एक्स्टेन्शनवरून बाहेरच्या नंबरला फॉरवर्ड करणे आणि बाहेरचा कॉल बाहेरच जोडून देणे, दोन्ही थांबवा. लाइनवर फ्लॅश देऊन (हूक क्षणभर दाबून) एक्सचेंजचा थेट डायल टोन मिळतो का, तेही तपासा. आणि एक गोष्ट हमखास सुटते: वीज गेली की काही यंत्रे बाहेरची लाइन सरळ एका ठरावीक फोनला जोडतात. त्या वेळी कुठलाही वर्ग लागू नसतो. तो फोन कोणाच्या टेबलावर आहे ते बघा.

उपकरणे जोडताना

काम सुरू करण्याआधी बाहेरची लाइन सोडवा. निवांत लाइनवर सुमारे ४८ व्होल्ट डीसी असतो, पण रिंग आली की त्यात ७५ ते ९० व्होल्ट एसीची भर पडते आणि चांगलाच झटका बसतो. आरजे-११ सॉकेटमध्ये (फोनचे नेहमीचे छोटे सॉकेट) लाइनची जोडी बहुधा मधल्या दोन पिनांवर असते. फोन, फॅक्स, आन्सरिंग मशीन एकमेकांना समांतर जोडावेत. अलार्म पॅनेल मात्र सगळ्यांच्या आधी हवे, म्हणजे कोणी फोनवर बोलत असले तरी ते लाइन ताब्यात घेऊ शकते.

बऱ्याच उपकरणांवर आरईएन हा आकडा छापलेला असतो, तो रिंगचा भार सांगतो. बेरीज बहुतेक लाइनवर ५ च्या आत ठेवावी, आणि इंटरनेट फोनच्या अ‍ॅडॅप्टरवर मर्यादा याहून कमीही असते. भार वाढला की घंटी क्षीण वाजते किंवा वाजतच नाही.

डीएसएल (फोनच्या लाइनवरून इंटरनेट) असेल तर प्रत्येक फोनच्या आधी फिल्टर लावा, मोडेमच्या आधी नाही. अ‍ॅडॅप्टरचे 'फोन' पोर्ट चालू लाइनला कधीही जोडू नका. दोन्हीकडून व्होल्टेज येऊन ते जळू शकते. ईपीएबीएक्सच्या डिजिटल पोर्टवर साधा फॅक्स किंवा मोडेम जोडणेही तितकेच धोक्याचे.

घरघर ऐकू आली, घंटी अर्ध्यात तुटली किंवा डायल टोन गेला, तर सगळी उपकरणे काढा आणि खात्रीचा एकच फोन पहिल्या सॉकेटला लावा. तिथेही दोष दिसला तर तो बहुधा बाहेरच्या लाइनचा. तिथे ठीक असेल तर एकेक उपकरण जोडत जा, ज्याच्यापाशी दोष परत येतो ते किंवा त्याची वायर खराब. घरघर तरीही राहिली तर फोनची वायर विजेच्या वायरीला चिकटून गेली आहे का ते पाहा, आणि सांध्यांमध्ये ओल शिरली आहे का तेही.