एमजीबीसाठी कार्बोरेटर मागवण्याआधी

किंमत विचारायच्या आधी बॉनेट उघडा आणि गाडीत आत्ता नेमकं काय बसवलेलं आहे ते वहीत उतरवून घ्या. एमजीबी ही ब्रिटिश स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० अशी बनत होती. तिच्या १७९८ सीसी इंजिनावर सुरुवातीला एसयू या ब्रिटिश बनावटीच्या एचएस४ कार्बोरेटरची जोडी यायची, साधारण १९७२च्या मॉडेलपासून एसयूच्याच एचआयएफ४ची जोडी आली, आणि अमेरिकेला जाणाऱ्या गाड्यांना १९७५च्या मॉडेलपासून एकच झेनिथ-स्ट्रॉम्बर्ग. एसयूच्या फ्लोट चेंबरच्या (पेट्रोलच्या वाटीच्या) किंवा वरच्या डॅशपॉटच्या स्क्रूखाली पत्र्याची छोटी पट्टी असते, तिच्यावरचा एयूडीने सुरू होणारा नंबर मिळाला तर निम्मं काम झालं. पट्टी हरवलेली असेल तर इंजिन नंबरची सुरुवात बघा: १८जी, १८जीबी, १८व्ही. मूळची नीडल, म्हणजे जेटमध्ये वरखाली होऊन पेट्रोलचं माप ठरवणारी सुई, कोणती ते त्यावरून कळतं. नीडल काढून तिच्या दांड्यावर कोरलेली अक्षरंही ताडून घ्या, कारण मधल्या मालकांनी काय बदललं असेल सांगता येत नाही. आपल्या अ‍ॅम्बेसेडरचं जुनं १४८९ सीसी पेट्रोल इंजिन याच बी-सिरीज घराण्यातलं. त्यामुळे अडीनडीला एकाचे भाग दुसऱ्यात गेलेले असू शकतात, आणि त्याच कारणाने अ‍ॅम्बेसेडरवर हात बसलेला एखादा जुना मिस्त्री भेटला तर त्याला धरून ठेवा.

पुढची तयारी म्हणजे जुना कार्बोरेटर खरंच गेला आहे का, याची खात्री. त्यासाठी एक रविवार द्या. कॉम्प्रेशन मोजा. चार सिलिंडरमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक असेल तर नवा कार्बोरेटर लावूनही गाडी स्लोवर थरथरतच राहील. मग टॅपेट, पॉइंटचा गॅप, टायमिंग आणि प्लगच्या वायरी. हे सगळं ठीक निघालं की इंजिन स्लोवर ठेवून थ्रॉटल शाफ्टच्या (थ्रॉटलची चकती फिरवणाऱ्या दांड्याच्या) दोन्ही टोकांवर पातळ तेलाचे थेंब सोडा. इंजिनाचा आवाज बदलला तर तिथून हवा आत जाते आहे, आणि एसयू ‘ट्यूनिंगला येत नाही’ या तक्रारीचं ते सगळ्यात नेहमीचं कारण. शाफ्ट झिजला म्हणजे कार्बोरेटर मेला असं मुळीच नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये किंवा नवी मुंबईच्या रबाळे-महापे पट्ट्यात बारीक काम करणारा टर्नर बॉडीत बुश बसवून देऊ शकतो. फक्त दोन्ही बाजूंची भोकं एका रेषेत रीम झाली पाहिजेत, नाहीतर थ्रॉटलची चकती अडकते. कार्बोरेटरचा पिस्टन आणि त्यावरचा टोपीसारखा डॅशपॉट ही एकमेकांना जुळवलेली जोडी असते, त्यांची अदलाबदल होऊ देऊ नका. तुमच्या देखत खुणा करूनच सुटे भाग हातात द्या.

बॉडीला तडा असेल, पिस्टनचं घर झिजून ओरखडलं असेल किंवा भलत्याच गाडीचे कार्बोरेटर बसवलेले असतील, तर मग खरेदीला लागा. इथे बहुतेकांचा जीव वेबर ४५ डीसीओई या दोन नळ्यांच्या कार्बोरेटरवर जडतो. दिसायला तो देखणा आहे आणि वरच्या आरपीएमला ताकद देतो, हे खरं. तरीही ठाण्यात चालणाऱ्या गाडीला मी जुळी एसयूच सुचवेन, आणि यात मला शंका नाही. डीसीओईमध्ये व्हेंचुरी (हवेच्या वाटेतला अरुंद गळा) निवडा, तिच्या मिलिमीटरच्या साधारण चौपट नंबरचा मेन जेट लावा, मग एअर करेक्टर, इमल्शन ट्यूब, आयडल जेट, असं एकेक जमवत जावं लागतं. प्रत्येक प्रयोगाला नवा जेट आणि प्रत्येक जेटसाठी परदेशातून पार्सल. डिस्ट्रिब्युटरच्या व्हॅक्यूम नळीला जोडायला त्यावर सहसा जागाही नसते. एसयूत इंजिन हवा ओढेल तसा पिस्टन वर चढतो, त्याच्याबरोबर नीडल उचलली जाते आणि पेट्रोलचं माप आपोआप बदलतं. घोडबंदर रोडवर माजिवड्याहून गायमुखपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर सरकताना उपयोगी पडतं ते हेच.

पेट्रोलचाही विचार आत्ताच करा. पंपावर आता ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं. शुद्ध पेट्रोलला एक भाग इंधनामागे १४.७ भाग हवा लागते, ई२०ला साधारण १३.५. म्हणजे जुन्या नीडलवर मिक्श्चर पातळ पडतं आणि जवळपास आठ-नऊ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. एसयूत जेट थोडा खाली घेऊन आणि गरज पडल्यास एक पायरी रिच (जास्त पेट्रोल देणारी) नीडल घालून हे साधतं, म्हणून ऑर्डरमध्ये मूळ नीडलसोबत रिच नीडलची जोडीही लिहा. फ्लोट चेंबरमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी नीडल व्हाल्व्ह वेगळी, ती व्हायटन (इथेनॉलला टिकणारं रबर) टोकाची मागा. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलने फुगतात आणि चिरतात, त्या सगळ्या एसएई जे३० आर९ दर्जाच्या घ्या. पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीतलं पेट्रोल आधी काढून ठेवा, कारण इथेनॉल हवेतला ओलावा ओढतं.

या इंजिनात इनटेक आणि एक्झॉस्ट एकाच बाजूला आहेत, कार्बोरेटर थेट तापलेल्या मॅनिफोल्डच्या वर बसतात. घोडबंदर रोडच्या मे महिन्यातल्या जॅममध्ये पेट्रोल वाफाळून गाडी बंद पडते ती यामुळेच. उष्णता अडवणारे जाड ठोकळे, त्यांची पॅकिंग आणि पत्र्याची हीटशील्ड यांच्यावर पैसे वाचवू नका. ओव्हरफ्लोची नळी एक्झॉस्टपासून लांब, खाली सोडलेली हवी. कोणी नंतर जास्त दाबाचा इलेक्ट्रिक पंप लावला असेल तर दाब मोजा. ३ पीएसआयच्या आसपास पुरे, त्याच्या फार वर गेला की पेट्रोल उतू जातं आणि खाली आग लागायला सगळं तयारच असतं. फायर एक्स्टिंग्विशर गाडीत असू द्या.

नवी जोडी इंग्लंडमधल्या सॉल्सबरीची बर्लेन कंपनी आजही बनवते. वापरलेली घ्यायची असेल तर पुढचा आणि मागचा असे दोन्ही खरोखर एका जोडीतले आहेत का बघा, कारण लिंकेज आणि फ्लोट चेंबरचा कल दोन्हींना वेगळा असतो. डॅशपॉट उलटा धरून पिस्टन घसरायला किती वेळ लागतो ते मोजायला विक्रेत्याला सांगा. दीड इंची एसयूला, म्हणजे एचएस४ किंवा एचआयएफ४ला, पाच ते सात सेकंद लागायला हवेत. पिस्टनची स्प्रिंग लाल रंगाची मागा. हिशेबात कस्टम ड्यूटी आणि कुरिअर धरायला विसरू नका.

कागदांचं थोडक्यात. पन्नास वर्षांवरच्या गाडीला २०२१च्या नियमांनुसार व्हीए या जुन्या गाड्यांसाठीच्या नंबर मालिकेत नोंदणी मिळते, पण चासी, बॉडी आणि इंजिनात मोठे बदल चालत नाहीत. मूळ धाटणीची जोडी इथेही सोयीची. पीयूसीला अशा गाडीचा कार्बन मोनॉक्साइड स्लोवर ३ टक्क्यांच्या आत लागतो, तेव्हा मिक्श्चर ठरवतानाच तो आकडा डोळ्यासमोर ठेवा.

बसवायच्या दिवशी डॅशपॉटसाठी एसएई २० तेल, नवी पॅकिंग आणि दोन्ही कार्बोरेटरची हवा सारखी करायला एअरफ्लो मीटर हाताशी हवा. तो नसेल तर रबरी नळी कानाला लावूनही फरक ऐकू येतो. चाचणी पहाटे घ्या. पाम बीच रोडवर एकसारख्या वेगात, मग गायमुखच्या चढावर, आणि परतल्यावर लगेच प्लग काढून रंग बघा. काजळी दिसली तर रिच, पांढरट दिसले तर लीन, म्हणजे मिक्श्चर पातळ. काढलेली जुनी जोडी मात्र भंगारात देऊ नका. तिचे स्क्रू, लिव्हर आणि ती एयूडीची पट्टी नव्यासोबत येतीलच असं नाही.