स्टॅटचा पेपर वेळेत कसा काढायचा

सांगलीत विश्रामबागला माझ्याकडे बी.एस्सी., बी.कॉम.ची पोरं स्टॅट, म्हणजे संख्याशास्त्र, शिकायला येतात. पेपर देऊन आली की निम्म्यांचं गाऱ्हाणं एकच, "मॅडम, येत होतं सगळं, पण टाइमच पुरला नाही." तोच पेपर समोर बसवून पुन्हा सोडवून घेतला की कळतं, आकडेमोड बऱ्यापैकी भराभर होते. वेळ खातं ते गणिताला कुठली टेस्ट (टी, झेड की काय-स्क्वेअर) लावायची हे ठरवणं. म्हणून तयारी तिथूनच सुरू करा.

जुन्या प्रश्नपत्रिकांच्या झेरॉक्स काढा. पहिल्या फेरीत एकही गणित सोडवू नका. प्रत्येक प्रश्नाच्या कडेला पेन्सिलीने एवढंच लिहा: टेस्ट कुठली, एका बाजूची की दोन्ही बाजूंची, डिग्रीज ऑफ फ्रीडम (टेबलातली कुठली ओळ बघायची ते ठरवणारा आकडा) किती. तासगावहून येणारी पोरं हे काम एसटीत बसून उरकतात.

आता हे गणित बघा. मार्केट यार्डातला अडत्या म्हणतो, हळदीच्या पोत्याचं सरासरी वजन 50 किलो. 16 पोती तोलली, मीन (सरासरी) 49.2 आणि एसडी (प्रमाण विचलन) 1.6 आला. 5 टक्के पातळीला तपासा. एसडी नमुन्यातूनच काढलेला, नमुनाही लहान, म्हणजे टी टेस्ट. 16 चं वर्गमूळ 4, 1.6 भागिले 4 म्हणजे 0.4, फरक उणे 0.8, टी आला उणे 2. डिग्रीज 16 वजा 1, म्हणजे 15. दोन्ही बाजूंची टेबल व्हॅल्यू 2.131. चिन्ह सोडून 2 त्याहून कमी, तेव्हा एच-नॉट, म्हणजे "सरासरी 50 किलोच आहे" हे गृहीतक, नाकारता येत नाही. इथे सवयीने झेडचा 1.96 घेतलात, तर एच-नॉट उडाला! आणि प्रश्न "50 किलो आहे का" असा नसून "50 पेक्षा कमी भरतं का" असा असेल, तर एका बाजूची व्हॅल्यू 1.753 लागते आणि एच-नॉट खरोखरच नाकारावा लागतो. आकडे तेच, निष्कर्ष उलटा. "कमी", "जास्त", "फरक आहे का" या शब्दांखाली रेघ मारायचा हात आत्ताच बसवा.

एसडीचं एक सांगून ठेवते. वरचा एसडी एन (नमुन्यातल्या आकड्यांची संख्या) वजा 1 ने भागून काढलेला आहे. काही पुस्तकं एनने भागतात आणि मग टीच्या सूत्रात खाली एन वजा 1 चं वर्गमूळ घेतात. दोन्ही बरोबर. सरमिसळ केलीत की मेलात.

कॅल्क्युलेटर परीक्षेला न्यायचा तोच रोज वापरा, आणि तो चालतो का हे कॉलेजात आधी विचारा. कॅसिओ एफएक्स-82 एमएस असेल तर मोड, मग 2 दाबलं की एसडी मोड येतो. आकडा टाकून एम प्लस दाबत जायचं. त्याआधी शिफ्ट, मोड, 1, बरोबर हे दाबून जुना डेटा पुसा. दर वेळी स्क्रीनवर एन किती झाला ते दिसतं. शेवटी तो प्रश्नातल्या आकड्यांच्या संख्येशी जुळला नाही, तर पुढे जाऊच नका.

मग घड्याळ लावून पूर्ण पेपर. 2 तासांत 50 मार्क असतील तर वाचायला आणि तपासायला 10 मिनिटं बाजूला काढा. उरलेल्या वेळात मार्काला 2.2 मिनिटं पडतात. म्हणजे 8 मार्कांच्या प्रश्नाला साधारण साडेसतरा. वेळ संपली की अर्धी जागा सोडून पुढचा प्रश्न. सूत्र, एच-नॉट, एच-वन (त्याच्या विरुद्धचं गृहीतक) आणि किंमती भरलेली पायरी लिहून ठेवलीत की उत्तर अर्धवट राहिलं तरी पायऱ्यांचे मार्क पदरात पडायची आशा असते. काय-स्क्वेअरला अपेक्षित वारंवारता 5 च्या खाली गेली तर शेजारचे गट जोडा आणि डिग्रीज जोडलेल्या गटांवरून मोजा. घाईत हे हमखास राहतं.

आदल्या रात्री नवीन काही उघडू नका, ऑप्शनला टाकलेला धडा तर नाहीच.

पेपर तपासायला राखलेली मिनिटं अशी वापरा: आर (सहसंबंध गुणांक) 1 च्या वर किंवा उणे 1 च्या खाली गेलेला नाही ना, संभाव्यता 1 च्या वर नाही ना, व्हेरियन्स (एसडीचा वर्ग) उणे नाही ना. निष्कर्ष पोत्यांच्या भाषेत लिहिलाय का, की नुसतं "नाकारला" लिहून सोडलंय? मग पुरवण्यांवर नंबर घाला आणि दोरा घट्ट बांधा.